नवीन जाहिरात नेटवर्कवर जाहिरातदारांचा विश्वास कसा बसवायचा?

छोटं नेटवर्क आहे (म्हणजे साइटवरची जाहिरातीची जागा जाहिरातदारांना विकणारा मध्यस्थ), जाहिरातदार एक-दोन महिन्यांत सोडून जातात, काय करू, असं विचारलंय तुम्ही. क्लिक वाढवायचं नंतर बघा, आधी माल, म्हणजे विकताय ती जाहिरातीची जागा, खरा आहे हे दाखवा.

२०१७ मध्ये फायनान्शियल टाइम्सनं तपासलं, तर त्यांच्या साइटच्या नावानं जाहिरातीची खोटी जागा अनेक एक्स्चेंजवर, म्हणजे अशा जागांच्या ऑनलाइन बाजारांत, विकली जात होती. त्याच वर्षी आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' आणलं. साधी मजकुराची फाइल, आपली जागा कोण विकू शकतं याची यादी; साइटमालक ती आपल्याच डोमेनवर ठेवतो. एका ओळीत नेटवर्कचं डोमेन, खाते क्रमांक आणि 'डायरेक्ट' (थेट विक्री) की 'रीसेलर' (मधला विक्रेता). यादीत नसलेल्या विक्रेत्याकडून जागा घ्यायचं खरेदीदार टाळतात. तुमच्या प्रत्येक प्रकाशकाकडून, म्हणजे साइटमालकाकडून, ही ओळ टाकून घ्या आणि स्वतः तपासा. (एकदा जागेसाठी खरेदीदारांच्या बोल्या का येत नाहीत म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. त्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता!) तुमच्या बाजूनं 'सेलर्स डॉट जेसन', म्हणजे तुमच्यामार्फत कोण कोण जागा विकतं याची फाइल, जाहीर करा.

आणि पॉपअप, आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आजच बंद. असले प्रकार न थांबवणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम २०१८ पासून गाळायला लागला, त्यात तुमच्या चांगल्या जाहिरातीही जातात.