लायनाइझ म्हणजे शूर ठरवणं नव्हे हो!

इंग्रजीतल्या 'लायनाइझ'बद्दल (lionize, 'लायन' म्हणजे सिंह यावरून) प्रश्न असा आलाय की "अमक्याला फार लायनाइझ केलंय" म्हणजे त्याला सिंहासारखा शूर ठरवलंय असंच ना, आणि याला मराठीत काय म्हणायचं.

नाही! शौर्याचा काडीचाही संबंध नाही. परवाच एकाने भाषणात "मुलांना लायनाइझ करा, भित्री ठेवू नका" असं ठोकून दिलं, वर लोकांनी टाळ्याही पिटल्या. अर्थ एवढाच की एखाद्याला सेलिब्रिटी करून टाकायचं आणि त्याच्याभोवती घोळका करायचा, मग तो माणूस झुरळाला घाबरणारा का असेना.

पण मग सिंह आला कुठून? तर लंडनच्या टॉवरमधून, म्हणजे तिथल्या जुन्या राजकिल्ल्यातून! तिथे राजेलोकांची जनावरं ठेवलेली असायची, शेकडो वर्षं, आणि बाहेरगावचा माणूस लंडनला आला की त्याला ते सिंह दाखवायला न्यायचंच. १८व्या शतकात तिकीट होतं दीड पेनी, नसतील पैसे तर सिंहाला खायला एखादं कुत्रं नाहीतर मांजर आणा, सोडतो आत! म्हणून 'सिंह बघणे' म्हणजे गावात बघण्यासारखं जे काय असेल ते बघणे, मग 'सिंह' म्हणजे ती बघण्यासारखी गोष्ट, मग बघण्यासारखा माणूस, आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं क्रियापद. टॉवरमधली जनावरं १८३५पर्यंत हलवली, पण पार्टीला नामवंत पकडून आणणाऱ्यांना पुढे 'लायन हंटर' असं नावच पडलं.

त्यामुळे कोशवाले 'गौरव करणे' एवढं देऊन मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही. सिंहाचा गौरव कोण करत होतं? पिंजऱ्याबाहेर उभं राहून टकामका बघत होते सगळे. 'उदोउदो' त्यातल्या त्यात जवळचा, पण तो 'अंबाबाईचा उदो उदो'मधला, तिथे बघे नसतात, भक्त असतात (आणि हल्ली तो टोमणा मारायलाच जास्त वापरतात). 'डोक्यावर घेणे'मध्ये माया आली, आणि 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' तर भलतंच, तिथे चढवणाऱ्याचा काहीतरी डाव असतो.

माझं मत 'मिरवणे'ला. स्वतः मिरवणे नाही, दुसऱ्याला मिरवणे. "एक कादंबरी काय गाजली, जो तो त्याला घेऊन मिरवतोय" यात तो बिचारा आला, बघे आले, आणि त्याला धरून आणणाऱ्याचा तोराही आला, जो 'गौरव'मध्ये औषधालाही सापडत नाही. कोणी म्हणेल मिरवणे म्हणजे मिरवणूक, ती तर रस्त्यावर निघते, सिंह पिंजऱ्यात असतो. असू दे की, पार्टी हाच त्या पाहुण्याचा पिंजरा असतो ना, त्यातून त्याला लवकर निघून दाखवू दे!