कमरेला काय लावू?

प्रश्न : साहेब, हायवेला माझा पेट्रोल पंप आहे. रात्रीचा गल्ला घेऊन दहा-साडेदहाला एकटाच घरी येतो. नुकताच शस्त्र परवाना मंजूर झाला. मेहुणे म्हणतात पिस्तूलच घ्या, रिव्हॉल्व्हरचे दिवस गेले. दुकानदार म्हणतो रिव्हॉल्व्हर घ्या, कटकट नाही. घरात नववीतला मुलगा आहे. काय घेऊ?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आधी परवाना उघडून नीट वाचा. त्यावर शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो. ‘रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ असं दोन्ही लिहिलं असेल तरच तुमचा प्रश्न उरतो. आणि मेहुणे ९ मिमीच्या गप्पा मारत असतील तर त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. ९ मिमी आणि .३८ हे प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचे माप) आहेत, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. तुम्हाला दोन्हींत बहुधा .३२च मिळणार. मात्र दोघांची काडतुसं वेगळी : रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड, ज्याला ७.६५ मिमी म्हणतात. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

माझी नोकरी पोलिसांना फायरिंग शिकवण्यात गेली, म्हणून रेंजवरचंच सांगतो. पिस्तुलात राऊंड, म्हणजे काडतुसं, जास्त बसतात, ते चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही. मेहुण्यांचं एवढं खरं. पण नवा माणूस घाबरला की त्याचं मनगट सैल पडतं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तोंडाशीच अडकते. मग मॅगझिनला (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला) खालून थाप, स्लाइड मागे खेचायची, पुन्हा नेम. हे हाताच्या अंगवळणी पडायला वर्षभर सराव लागतो, आणि पंप सांभाळून तुम्ही रेंजवर कितीदा जाणार? रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर, म्हणजे काडतुसांची फिरती चकरी, पुढचं काडतूस समोर आणतो. चाप जड असतो, त्यामुळे पहिली गोळी हमखास खाली-डावीकडे जाते. तेवढ्यापुरता सराव मात्र कराच.

मुलाचा विचार केला तर माझं मत आणखी पक्कं होतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक राऊंड बसलेला असू शकतो. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढला की सहाही घरं समोर दिसतात. पितळ आहे की नाही ते एका नजरेत कळतं. तरीही कुलूपबंद तिजोरी हवीच, आणि काडतुसं वेगळी.

तेव्हा तुम्ही रिव्हॉल्व्हर घ्या, नवं घ्या. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, वजन साधारण अर्धा किलो. कमरेला दिवसभर बोचत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं जुनं विलायती घेऊ नका. जुन्या बनावटीत घोड्याखाली (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या भागाखाली) अडसर नसला तर हातातून पडल्यावर बार उडू शकतो. असं शस्त्र वापरणारे जुने लोक घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवत. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ते आठवत असेल.

आता न विचारलेलं. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेलं हवं. पंपावर पोरांना धाक म्हणून टेबलावर ठेवलंत तर परवाना जाईल. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, पण गरजेपुरताच. गल्ला टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टात ते स्वसंरक्षण म्हणून टिकणं कठीण. निवडणुकीत आदेश निघाला की शस्त्र ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा. आणि गल्ला रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने नेऊ नका. जमेल तितका दिवसाउजेडीच बँकेत भरा.

मेहुण्यांना पिस्तूलच आवडत असेल तर त्यांनी स्वतःचा परवाना काढावा. तुमचं शस्त्र त्यांच्या हातात, गंमत म्हणूनसुद्धा, द्यायचं नाही.