लिओनला दुभाषा शोधताना

अनेक आशीर्वाद.

मेक्सिकोतल्या लिओनला पोचून आठवडा होत नाही तोच हिशेबाच्या मीटिंगसाठी जपानी-स्पॅनिश दुभाषा शोधायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, हे वाचून हसू आलं. मेक्सिकोत मलाही पहिलं काम हेच मिळालं होतं आणि मी ते पार बिघडवलं होतं.

थेट जपानी-स्पॅनिश माणूस महाग पडतो म्हणून मी दोघांना बसवलं. एकाने जपानीचं इंग्रजी करायचं, दुसरीने त्या इंग्रजीचं स्पॅनिश. जपानी साहेब म्हणाले, ‘सान्जू ओकु एन’. एक ओकु म्हणजे आपले दहा कोटी, म्हणजे झाले ३०० कोटी येन. इंग्रजीत ‘थ्री बिलियन’ झालं, इथवर बरोबर. पुढे बाई घाईत बोलून गेल्या, ‘त्रेस बियोनेस’. स्पॅनिशमधला बियोन म्हणजे एकावर बारा शून्यं, इंग्रजी बिलियनच्या हजारपट! म्हणायचं होतं ‘त्रेस मिल मियोनेस’. मेक्सिकन लेखापालाने पेन खाली ठेवलं, आणि समोरचे एकदम गप्प का झाले हे साहेबांना कळेना.

तेव्हा मध्ये इंग्रजी आणू नकोस.

थेट माणसं तुझ्या आसपास आहेत. जपान-मेक्सिको व्यापार करार २००५ साली लागू झाला, २०१४ मध्ये तुझ्या जवळच्याच सालामांकाला माझदाचा आणि सेलायाला होंडाचा मोटार कारखाना सुरू झाला, २०१६ पासून लिओनलाच जपानचं वाणिज्य दूतावास कार्यालय आहे. पण मला भेटलेले बहुतेक दुभाषे शॉप-फ्लोअरवर तयार झालेले. साचे, वेल्डिंग, काइझेन (सतत सुधारणा करत राहायची जपानी पद्धत) तोंडपाठ, आणि घसाऱ्यासारखा हिशेबातला शब्द आला की थबकले. शेवटी जमलं ते मेक्सिको सिटीतल्या ‘लिसेओ मेहिकानो हापोनेस’ शाळेत शिकलेल्या एका बाईंशी. दोन्ही भाषा लहानपणापासूनच्या, वर चार वर्षं ऑडिटचं काम केलेलं. त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत विचारून बघ.

प्रमाणपत्रावर भाळू नकोस. जपानीच्या एन-वन या सर्वात वरच्या पातळीच्या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत. त्यापेक्षा अर्धं पान ताळेबंद पुढे ठेव आणि आकडे मोठ्याने सांगायला लाव. मेक्सिकोत नफ्यातला १० टक्के वाटा कामगारांना द्यावा लागतो, ते जपानी माणसाला दोन वाक्यांत समजावून सांगायला सांग. आणि ‘केन्तो शिमास’चं काय करणार, हे जरूर विचार. शब्दशः ‘विचार करतो’, पण बऱ्याचदा तो सभ्य नकार असतो. लिसेओत शिकलेल्या त्या बाई मीटिंगमध्ये शब्दांना धक्का लावत नसत. चहाच्या सुट्टीत हळूच सांगत, ‘हे होणार नाही बरं का.’

जपानी क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, स्पॅनिशला ते आधीच लागतं. त्यामुळे बोलता बोलता भाषांतर करणाऱ्याची फार दमछाक होते. पूर्ण दिवसाचं काम असेल तर दोन थेट दुभाषे घे, वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून. एकावर भागवायचं असेल तर वाक्यागणिक थांबून बोला. कागद आठवडाभर आधी पाठव, गोपनीयतेचा करार करूनच. त्या कागदांत वर्षअखेर कोणाची कधी हेही लिही. जपानी कंपनीची बहुधा आपल्यासारखी मार्चअखेर, मेक्सिकोची डिसेंबर, आणि ‘यंदाचा नफा’ म्हणताना दोघांच्या मनात वेगळी वर्षं असतात.

सरकारदरबारी द्यायच्या कागदांना हा माणूस चालणार नाही. तिथे ‘पेरितो त्रादुक्तोर’, म्हणजे अधिकृत मान्यता असलेला भाषांतरकार लागतो. तो वेगळा शोध.

मीटिंगची तारीख ठरली की कळव.