इंग्लंडला यायच्या आधी मिरजेतच बोलायला लाग

तुझा प्रश्न नीट वाचला. तासगावजवळच्या गावात मराठी माध्यमाची शाळा, सांगलीत नर्सिंग, चार वर्षं मिरजेत स्टाफ नर्स. पुढच्या वर्षी इंग्लंडला यायचंय. इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की शब्द घशात अडकतात, आणि विश्रामबागेतल्या क्लासमध्ये नुसते पेपर सोडवून घेतात. तू ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करूनच सांगते. मीही मिरजेच्या वॉर्डांत सात वर्षं काढून इकडं यॉर्कशायरला आले.

परीक्षेचं आधी उरकून टाकू. इथं नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलणं, ऐकणं, वाचन यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्स अशा लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिलीस तर त्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. मी ओईटीच दे म्हणेन. त्यात बोलण्याच्या परीक्षेत तू नर्स असतेस आणि समोरचा पेशंट किंवा त्याचा नातेवाईक. पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग. त्यासाठी केलेली तयारी इथं पहिल्याच ड्यूटीला हाताशी येते.

आता खरं दुखणं. माझ्या दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला सीनियरनं विचारलं, 'हॅव्हन्ट यू गिव्हन हिम हिज टॅब्लेट्स येट?' मी म्हटलं, 'येस.' माझ्या डोक्यात होतं, 'हो, नाही दिल्या अजून.' आपण मराठीत तसंच बोलतो, समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. तिला वाटलं, मी गोळ्या दिल्यात. पुढं चार्टवर सही दिसली नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलं, नाहीतर आजोबांचा तो डोस चुकला असता. माझं व्याकरण चुकलं नव्हतं, शब्दही अडला नव्हता, तरीही हे झालं. तेव्हापासून मी नुसतं येस किंवा नो म्हणत नाही. 'नो, आय हॅव्हन्ट', 'येस, आय हॅव', असं पुरं बोलते. एवढी एक सवय तू आजपासून लाव. मैत्रिणीला असे नकारार्थी प्रश्न विचारायला सांग आणि विचार न करता उत्तर देत जा. जीभ आपोआप वळेपर्यंत.

दुसरं म्हणजे आपल्या हॉस्पिटलातलं इंग्रजी. ते आपल्याला इंग्रजीच वाटतं, पण इथं वेगळं कळतं. पेशंट 'एक्स्पायर' झाला म्हणू नकोस, तो शब्द दुधाच्या बाटलीला लावतात. 'डाइड' किंवा 'पास्ड अवे' म्हण. मुलाखतीत 'मी अमुक साली पास आउट झाले' म्हणालीस तर तुला चक्कर आली होती असं समजतील. सलाइनला ड्रिप, ओटीला थिएटर, लूज मोशनला डायरिया. पेशंटची बोली आणखी वेगळी. 'आय फील पूअरली' म्हणजे बरं वाटत नाही. एखादी आजी 'आय नीड टू स्पेंड अ पेनी' म्हणाली तर तिला पैसे नकोत, बाथरूमला जायचंय. 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. आणि इकडं उत्तरेत 'टी' म्हणजे पुष्कळदा संध्याकाळचं जेवण.

सकाळी जो तो 'यू ऑल राइट?' विचारतो. सुरुवातीला मला वाटायचं, माझा चेहरा उतरलाय की काय. आपल्याकडं रस्त्यात कुणी 'काय, जेवण झालं का?' विचारलं तर आपण भाजी कुठली होती ते सांगत बसतो का? तसंच आहे हे. 'येस, थँक्स, यू?' म्हणायचं आणि पुढं जायचं.

आदराचं मात्र जपून. आपला आदर क्रियापदात असतो: बसा, घ्या, सांगता का. इंग्रजीत 'सिट' ला तशी शेपटी नाही. नुसतं प्लीज जोडून 'सिट, प्लीज' म्हटलं तरी हुकूमच वाटतो. म्हणून 'वुड यू लाइक टू सिट डाउन?', 'कुड आय जस्ट चेक युअर बीपी?' अशी वाक्यं अख्खीच तोंडात बसव. मराठीतून शब्द-शब्द उलथत बसलीस तर तोवर पेशंट झोपून जाईल.

उच्चारांसाठी महागडा क्लास लावू नकोस. ट, ड म्हणताना आपली जीभ जिथं लागते तिथंच लागली तरी कुणाचं अडत नाही. दोनच गोष्टींवर मेहनत घे. शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क ते हवेचा झोत सोडून म्हणतात. आपण झोत सोडत नाही, त्यामुळं आपला 'पॅड' त्यांना 'बॅड' ऐकू येऊ शकतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धर. ती हलली पाहिजे. आणि 'वॉर्ड' म्हणताना ओठांचा चंबू, 'व्हॉमिट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. मराठीत एकाच 'व' वर भागतं, म्हणून हा फरक कानाला मुद्दाम शिकवावा लागतो.

सराव कुठं करायचा, म्हणतेस. ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, म्हणजे हॅण्डओव्हर देतेस ना, तोच घरी आल्यावर फोनमध्ये इंग्रजीत बोलून रेकॉर्ड कर. पेशंटचं नाव घेऊ नकोस. इथं हॅण्डओव्हर ठरलेल्या क्रमानं देतात, त्या क्रमाला एसबार म्हणतात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, काय करायला हवं. दोन मिनिटं पुरे, पण रोज. दुसऱ्या दिवशी ऐक, जिथं अडखळलीस ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा बोल. सांगली-मिरज बसमध्ये बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश ऐक आणि वाक्यामागोमाग ओठ हलव. मैत्रिणीला मेसेज टाइप करण्याऐवजी इंग्रजीत व्हॉइस नोट पाठव, तिलाही तशीच पाठवायला सांग. तुम्ही दोघी चुकाल, चुकू दे. आणि समोरच्याचं कळलं नाही तर मान डोलवू नकोस. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य मी अजूनही आठवड्यातून चार वेळा वापरते. औषधाच्या बाबतीत तर दहा वेळा विचार.

परीक्षेची तारीख ठरली की कळव. रविवारी तुझ्याकडं संध्याकाळ असते तेव्हा इथं दुपार असते, मला तेव्हा अर्धा तास निघतो. फोनवर मी पेशंट होईन, तू नर्स हो. पहिल्या रविवारी छातीत दुखतंय म्हणून घाबरलेल्या आजोबांचा प्रसंग घेऊ.