एका बोटाने दाखवता येणारी पोटदुखी

प्रश्न : माझे वय ५२ असून आम्ही माजलगाव तालुक्यात शेती करतो. बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला, वर्षभरापासून एकाच जागी दुखते. कापूस वेचताना कमरेची ओटी भरत आली की दुखणे वाढते आणि आडवे पडले की थांबते. गाठ दिसत नाही, सोनोग्राफी नॉर्मल आहे. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आहे. काय करावे?
– एक वाचक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, एवढ्यावरून गर्भपिशवी काढू नका. आपल्याच जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तरीही बाईच्या ओटीपोटातले प्रत्येक दुखणे गर्भपिशवीच्या माथी मारले जाते, याचे फार वाईट वाटते. जे दुखणे एका बोटाने दाखवता येते, ओझ्याने वाढते आणि निजल्यावर ओसरते, ते पोटाच्या भिंतीतले तर नाही ना, हे आधी पाहिले पाहिजे.

पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला, बहुधा बेंबीच्या खाली, ‘स्पायजेलियन’ हा दुर्मीळ हर्निया होतो. पोटाच्या भिंतीच्या एकूण हर्नियांत त्याचे प्रमाण जेमतेम १ ते २ टक्के आहे. आतील थरांतील फटीतून चरबी किंवा आतडे पुढे सरकते, पण सर्वांत वरचा पडदा शाबूत असल्याने ते त्याखालीच दडते आणि गाठ सहसा हाताला लागत नाही. निजवून सोनोग्राफी करताना ते आत परतलेलेही असू शकते. म्हणून दुखरी जागा पेनाने खूण करून दाखवा आणि तेथेच, उभे राहून व खोकून, पुन्हा सोनोग्राफी करण्याची विनंती करा. तरीही शंका उरली तर सीटी स्कॅन करावा लागतो.

तपासताना डॉक्टर उताणे निजवून दुखऱ्या जागी बोट दाबतात आणि डोके व खांदे उचलायला सांगतात. पोट ताठ झाल्यावर दुखणे तेवढेच राहिले किंवा वाढले, तर मूळ भिंतीत असण्याची शक्यता बळावते. अर्थात भिंतीतले दुखणे म्हणजे हर्नियाच असे नाही. तेथे नस दबलेली असू शकते, किंवा सिझेरियनच्या व्रणात पाळीच्या वेळी दुखणारी एंडोमेट्रिओसिसची (गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढून झालेली) गाठही असू शकते.

हर्निया निघाला तर गोळ्यांनी किंवा पट्ट्याने तो बरा होत नाही. त्याचे तोंड अरुंद असल्याने आतडे अडकण्याचा धोका राहतो, म्हणून शस्त्रक्रिया करून फट बंद करतात व बहुधा जाळी बसवतात. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सा विभागात आपण दाखवू शकता. त्याआधी दुखणे एकाएकी वाढले, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले किंवा वारा सरेनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटू शकतो.