पडलेला शेअर उचलण्याआधी

प्रिय मित्रा,

बाजार कोसळतोय आणि तुझे हात शिवशिवताहेत, हे तू पाठवलेल्या यादीवरून दिसतं. प्रत्येक नावापुढे तू फक्त किती टक्के पडला तेवढंच लिहिलं आहेस. 60 टक्के पडलेला शेअर घेतलास आणि तो 80 टक्क्यांपर्यंत पडला, तर तुझे निम्मे पैसे गेले. आधी किती पडला, याने पुढची पडझड अडत नाही.

शेअर बाजाराबरोबर पडला की स्वतःच्या दुखण्याने, हे आधी शोध. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के पडला, तेव्हा चांगलं-वाईट सगळंच विकलं जात होतं. अशा वेळी धडधाकट कंपनी स्वस्तात मिळते. सप्टेंबर 2018 मध्ये डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी एकाच दिवशी 40 टक्क्यांहून जास्त पडली, ती गोष्ट वेगळी. गृहकर्जं पंधरा-वीस वर्षांत परत येणारी, आणि त्यासाठी उचललेल्या पैशांतला काही भाग मात्र काही महिन्यांत फेडायचा. आयएल अँड एफएस या दुसऱ्या मोठ्या वित्त कंपनीने देणी थकवल्यावर अल्पमुदतीचा पैसा आटला. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं, आणि जून 2021 मध्ये मंजूर झालेल्या दिवाळखोरीच्या तोडगा योजनेत भागधारकांना काहीच मिळालं नाही. शेअर 300 ला घेतलेला असो की 20 ला, शेवटपर्यंत धरून बसलेल्याचे सगळेच पैसे बुडाले.

म्हणून भाव सगळ्यात शेवटी बघ. वार्षिक अहवालातला एकत्रित ताळेबंद उघड. एकट्या कंपनीचा नको, कारण कर्ज बऱ्याचदा उपकंपन्यांत असतं. चालू देण्यांमध्ये वर्षभरात फेडायची कर्जं दिसतील. त्यांच्याशेजारी हातातली रोकड मांड. फरक मोठा असेल आणि बँका हात आखडत असतील, तर नफ्यातली कंपनीही अडकते. मग व्याज आणि करापूर्वीचा नफा व्याजाच्या किती पट आहे ते काढ. तीन पटींच्या खाली असेल तर मी तो शेअर घाबरलेल्या बाजारात सोडून देतो. बँका आणि वित्त कंपन्यांना हे गणित लागू पडत नाही; तिथे थकीत कर्जं, भांडवल पर्याप्तता (दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती) आणि येण्या-देण्याच्या मुदतींचा मेळ बघावा लागतो. ते जमेपर्यंत त्या यादीबाहेर ठेव.

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता असतो. त्यात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मालकांनी, कर्जासाठी किती शेअर तारण ठेवलेत ते बघ. भाव पडला की कर्ज देणारा जादा तारण मागतो. ते मिळालं नाही तर तो तारणातले शेअर बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो, आणि हे चक्र थांबत नाही. लेखापरीक्षकाने मुदत संपण्याआधी राजीनामा दिला असेल, तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

आता पैशांचं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उसने घेऊन, एक रुपयाही लावू नकोस. तुझं मत बरोबर असलं तरी ब्रोकर तुला तळाशीच विकायला लावेल. उरलेल्या रकमेचे चार भाग कर. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्चमध्ये 15,000 खाली आला, तेव्हा तो स्वस्तच वाटत होता. ऑक्टोबरमध्ये तो 8,000 च्याही खाली गेला. 2020 मध्ये मात्र मार्चमध्येच तळ आला. यातलं कोणतं होणार हे आधी कळत नाही, म्हणून पहिला भाग आता, दुसरा निर्देशांक आणखी 10 टक्के पडल्यावर, तिसरा पुढचे तिमाही निकाल वाचून, चौथा सहा महिन्यांनी. निकालात कर्ज वाढलेलं दिसलं तर भाव कितीही उतरो, पुढचा भाग घालू नकोस. ॲव्हरेज करायचं, म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी भाव उतरवायचा, ते कंपनीची तब्येत बघून.

ऑर्डर नेहमी लिमिटची टाक, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव देणार ते ठरवून. घबराटीच्या दिवशी खरेदी-विक्रीच्या भावांत मोठी फट पडते आणि मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर भलत्याच भावाला भरली जाते. रोज 5 टक्क्यांच्या लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या पडझडीच्या कमाल मर्यादेला, अडकणाऱ्या शेअरला हात लावू नकोस. तिथे विकणारे रांगेत असतात आणि घेणारा कुणी नसतो, त्यामुळे चूक कळली तरी बाहेर पडता येत नाही.

यादीतल्या पहिल्या तीन कंपन्यांची वर्षभरातली देणी, रोकड, व्याजाची पट आणि तारण, एवढे चार आकडे काढून पाठव. मग कोणती आधी घ्यायची ते बोलू.

तुझा,
काका