आधी दिसले ते लिही

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि सोबतची वही मिळाली. कुत्र्यांच्या वागण्याच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमातल्या तुझ्या पाचव्या स्वाध्यायावर ‘हे निष्कर्ष आहेत, निरीक्षण नव्हे’ असा शेरा आला, आणि तेवढ्यावरून खानापुरात घरी बसून कुत्र्याचे वागणे शिकता येत नाही, असे तू ठरवून मोकळी झालीस. मला माझ्या वेळी असा शेरा कोणी दिला नाही.

वहीच्या पहिल्याच पानावर ‘शेजारचा काळू आज रागात होता’ असे वाक्य आहे. राग तुला कुठे दिसला? कान मागे गेले होते का, अंगाचा भार मागच्या पायांवर होता का, तो सारखा ओठ चाटत होता का, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता का? ही तर घाबरल्याची लक्षणे असू शकतात. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असेही तू दोनदा लिहिलेस. शेपटी ताठ, उंच धरून भरभर हलवणाऱ्या कुत्र्यापुढे हात कधी करू नकोस. आधी दिसले ते लिही, नाव नंतर दे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी टपालाने आलेल्या पुस्तिकांवर शिकले. वडगावातल्या एका घरचा कुत्रा खाताना कोणी जवळ गेले की गुरगुरत असे. तो म्होरक्या होऊ पाहतो आहे, गुरगुरला की तोंडावर चापट मारा, असे मी ठामपणे सांगितले. दोन आठवड्यांत गुरगुर थांबली आणि मला पेढे मिळाले. तिसऱ्या आठवड्यात घरातला पाच वर्षांचा मुलगा ताटलीजवळून जात असताना कुत्रा आवाज न करता चावला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली, इंजेक्शने घेतली, मूल बरे झाले. कुत्रा मात्र त्यांनी मच्छ्याच्या पुढे नेऊन सोडला. मी दोनदा शोधायला गेले, सापडला नाही. गुरगुर ही त्याची सूचना होती. ती आम्ही बंद पाडली आणि त्याची भीती होती तशीच राहिली.

पुस्तिकेत तसेच छापलेले होते आणि विचारायला माणूस नव्हता, हे मी आजही सांगते. कुत्रेही लांडग्यांसारखे म्होरकेपणासाठी झगडतात, अशी त्या पुस्तिकेमागची समजूत होती. पण लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये नीट मांडले. ते माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोचले. दोन मुले आणि दुकानाचा हिशेब आटोपून रात्री अकराला अभ्यासाला बसणाऱ्या बाईने आणखी काय करायचे होते? पण त्या घराच्या उंबऱ्यात दहा मिनिटे उभे राहून पाहायला मला कोणी अडवले नव्हते. पाहिले असते तर माणूस किती अंतरावर आला की तो खायचे थांबून अंग आखडतो, हे कळले असते. त्याच्याही अलीकडे थांबून ताटलीत मांसाचा तुकडा टाकायचा आणि मागे फिरायचे, असे दिवसेंदिवस अंतर कमी करत गेले असते, तर माणसाचे येणे त्याला हवेसे वाटू लागले असते.

धड्यांतले कुत्रे परदेशी आहेत, ही तुझी तक्रार खरी आहे. पण तुझ्या काकांच्या शेतावर मुधोळ आहे ना? नजरेने शिकार हेरणारी ती जात. तासन्‌तास पडून राहील आणि ससा हलला की सुटेल. त्याला ‘आळशी’ लिहून मोकळी होऊ नकोस. काका त्याला ‘ये’ म्हणतात आणि गडी कानडीत ‘बा’ म्हणतो. कुत्रा शब्द ऐकून येतो की हाताची खूण पाहून, हे कोणत्याच धड्यात नाही. दोघांना हात मागे बांधून बोलवायला सांग आणि काय होते ते लिही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. शांत कुत्रा अचानक अंगावर येऊ लागला तर दुखणे असू शकते. त्याला आधी डॉक्टरांकडे पाठव. या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर औषध सांगायचे नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकांचे आहे.

पाचवा स्वाध्याय पुन्हा लिही. रोज सकाळी काळूला भाकरी टाकतात तेव्हा दहा मिनिटे लांब उभी राहा आणि पंधरा दिवसांनी वही घेऊन माझ्याकडे ये. पहिल्या पानावरचा ‘रागात’ हा शब्द खोडू नकोस. त्याच्या खाली त्या दिवशी काय दिसले होते ते आठवून लिही, आणि आठवत नसेल तर जागा कोरी सोड.

तुझी,
मावशी